प्लगिन दादाच्या अकाउंटला दिसतं, माझ्या अकाउंटला नाही. फोल्डरचा घोळ आहे की परमिशनचा?

सुरपेटी

नमस्कार मंडळी, डोकं बंद पडायची वेळ आलीय म्हणून इथे विचारतेय. घरी एकच डेस्कटॉप, विंडोज ११, त्यावर दोन अकाउंट, दादाचं ॲडमिन आणि माझं साधं स्टँडर्ड. रेकॉर्डिंग मी रीपरमध्ये करते, ६४ बिट. आता दोन प्लगिन्सनी (रीपरमध्ये जोडायची छोटी सॉफ्टवेअर) छळ मांडलाय.

पहिलं एक रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारं), विकत घेतलेलं. इन्स्टॉलर माझ्याच अकाउंटमधून चालवला, त्याने ॲडमिनचा पासवर्ड मागितला, दादाने येऊन टाकला, सगळं नीट होऊन शेवटी फिनिशपण आलं. रीपरच्या लिस्टमध्ये नाव दिसतं, उघडतंही, पण आत प्रीसेटची (तयार सेटिंग्जची) यादी रिकामी आणि वर लाल पट्टी की कंटेंट फोल्डर सापडत नाही. दादाच्या लॉगिनमध्ये तेच प्लगिन एकदम मस्त चालतं.

दुसरं एक जुनं फुकटचं कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार सांभाळणारं), नुसती डीएलएल फाइल (दुसऱ्या प्रोग्रामला जोडून चालणारी कोडची फाइल), इन्स्टॉलर वगैरे काही नाही. दादाने त्याच्या डाउनलोड्समधून उचलून प्रोग्राम फाइल्समधल्या व्हीएसटी (ऑडिओ प्लगिनचा एक प्रकार) प्लगिन्सच्या फोल्डरमध्ये टाकली. मला फोल्डरमध्ये फाइल दिसते पण रीपरच्या लिस्टमध्ये नावच नाही. परत स्कॅन केलं, मशीन रीस्टार्ट केलं, काही फरक नाही.

मग कुठेतरी वाचलं म्हणून रीपरवर राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर केलं (परत दादाचा पासवर्ड, तो आता वैतागलाय) तर दोन्ही प्लगिन्स चालली!! पण रीपर असं उघडलं जणू आजच टाकलंय, माझी थीम गायब, शॉर्टकट गायब, आधीच्या प्रोजेक्ट्सची यादी कोरी. नॉर्मल उघडलं की माझं सगळं परत जागेवर पण प्लगिन्स नाहीत. हे नक्की काय चाललंय? माझ्या अकाउंटला कुठलं परमिशन द्यायला हवं?

धडाकेबाज_७७

सोप्पं आहे. दादाला सांग प्रोग्राम फाइल्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, तिथे एव्हरीवन ॲड करून फुल कंट्रोल. मालकी बदलायला सांगितली तर तीपण बदलून घ्या. मी सगळ्या मशीनवर हेच करतो, विषय मिटतो.

रात्रपाळी

धडाकेबाज राव, कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. एक तर याने तिचा पहिला प्रॉब्लेम सुटणारच नाही, कारण तो फोल्डर प्रोग्राम फाइल्समध्ये नाहीच (खाली लिहितो). आणि दुसरं म्हणजे प्रोग्राम फाइल्सला सगळ्यांसाठी लिहिण्याची मुभा दिली की साध्या अकाउंटमध्ये शिरलेला कुठलाही फालतू प्रोग्राम तिथली डीएलएल बदलून ठेवू शकतो आणि मग दादाने ते सॉफ्टवेअर ॲडमिन म्हणून उघडलं की तो कोड ॲडमिनच्या हक्काने चालतो. स्टँडर्ड अकाउंट ठेवायचा अर्थच काय उरला मग. मालकी ट्रस्टेड इन्स्टॉलरकडून (विंडोजचं स्वतःचं अंतर्गत खातं) काढून घेणं तर त्याहून वाईट, नंतर ते पूर्ववत करता करता नाकी नऊ येतात.

आणि मुळात प्लगिन वापरायला लिहिण्याचं परमिशन लागतच नाही. वाचणे आणि चालवणे एवढंच लागतं, आणि ते युझर्स या ग्रुपला प्रोग्राम फाइल्सवर आधीपासून दिलेलं असतं.

आता सुरपेटी, तुझ्या पोस्टमध्ये उत्तर तूच लिहिलंयस. ॲडमिन म्हणून उघडल्यावर थीम गायब, शॉर्टकट गायब. का गायब? कारण ते रीपर तू चालवतच नव्हतीस, दादा चालवत होता. तुझं अकाउंट स्वतः ॲडमिन असतं तर त्या खिडकीत नुसतं यस म्हणून भागलं असतं आणि प्रोग्राम तुझ्याच नावाने, जास्त हक्कांनी चालला असता. पण स्टँडर्ड अकाउंटवरून दुसऱ्याचा पासवर्ड टाकला की तो प्रोग्राम पूर्णपणे त्या दुसऱ्याच्या नावाने चालतो. त्याचं ॲपडेटा (प्रत्येक युझरची सेटिंग वगैरे ठेवायचं लपवलेलं फोल्डर), त्याचं डॉक्युमेंट्स, रजिस्ट्रीतला (विंडोजचा सेटिंग्जचा साठा) करंट युझर विभागसुद्धा त्याचा. रीपर सेटिंग ठेवतं ॲपडेटा > रोमिंग > रीपर मध्ये, ते दादाचं उघडलं, म्हणून कोरं दिसलं.

आता हेच इन्स्टॉलरला लाव. रिव्हर्बचा इन्स्टॉलर दादाच्या नावाने चालला. मुख्य फाइल गेली सी > प्रोग्राम फाइल्स > कॉमन फाइल्स > व्हीएसटी३ मध्ये, ती जागा सगळ्यांची, म्हणून तुला नाव दिसतं. पण प्रीसेट आणि इम्पल्स फाइल्स (घुमाऱ्याचे नमुने) त्याने सध्याच्या युझरच्या फोल्डरमध्ये टाकल्या आणि त्याच्या लेखी सध्याचा युझर म्हणजे दादा. पार्सल बरोबर पोचलं पण शेजारच्या दारात. तुझ्या अकाउंटमधून प्लगिन तुझ्या ॲपडेटात शोधतं आणि तिथे काहीच नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर साधा कमांड प्रॉम्प्ट उघड आणि हू ॲम आय टाइप कर, सगळं सलग, तुझं नाव येईल. मग तोच ॲडमिन म्हणून उघड आणि परत टाइप कर. किंवा टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्स टॅबला युझर नेमचा कॉलम असतो, रीपर कुणाच्या नावाने चालू आहे ते तिथे सरळ दिसतं.

सुरपेटी

बाप रे. केलं. साध्यात माझं नाव आणि ॲडमिनवाल्यात दादाचं. म्हणजे इतके दिवस मी माझ्यासाठी म्हणून जे जे टाकलं ते त्याच्या घरात जाऊन बसलंय? मग आता ते आणायचं कसं, त्याच्या फोल्डरवर क्लिक केलं तर विंडोज म्हणतं परवानगी नाही, कंटिन्यू दाबलं तर कायमची मिळेल. दाबू का?

रात्रपाळी

नको दाबू. ते खरंच कायमचं असतं, त्या फोल्डरच्या परमिशनमध्ये एक जादाची नोंद जाऊन बसते आणि ती पुढे कुणी काढत नाही. दादाला त्याच्या लॉगिनमध्ये जाऊ दे, रन बॉक्समध्ये ॲपडेटा टाइप करू दे, आजूबाजूला टक्क्याची चिन्हं लावून, मग सरळ रोमिंगचा फोल्डर उघडतो. तिथे कंपनीच्या नावाचं फोल्डर आहे का ते बघायचं. नसेल तर तसंच लोकलॲपडेटा, तिथेही नसेल तर डॉक्युमेंट्स. सापडलं की ते कॉपी करून सी > युझर्स > पब्लिक मध्ये ठेवायचं, ती जागा दोघांना उघडते. मग तू तुझ्या लॉगिनमधून तिथून उचलून स्वतःच्या ॲपडेटात त्याच जागी ठेव. फोल्डरचं नाव आणि आतली रचना अक्षरशः तशीच पाहिजे.

त्याआधी एकदा प्लगिनच्या सेटिंगमध्ये डोकाव. पुष्कळ प्लगिन्समध्ये कंटेंटची जागा बदलायची सोय असते. तसं असेल तर सगळं पब्लिकमध्येच ठेव आणि दोन्ही अकाउंटला तोच पत्ता दे, म्हणजे मोठ्या फाइल्सच्या दोन प्रती होणार नाहीत.

लायसन्सचं मात्र वेगळं असू शकतं. ते दादाच्या अकाउंटला नोंदलं गेलं असेल तर तुझ्या लॉगिनमधून परत ॲक्टिव्हेट करावं लागेल. त्याआधी कंपनीच्या पानावर किती ॲक्टिव्हेशन चालतात ते वाच.

जुनाजाणता

दुसऱ्या प्लगिनबद्दल मी लिहितो, ते वेगळंच प्रकरण आहे. ताई, तुम्ही लिहिलंय की दादाने डाउनलोड्समधून फाइल उचलून टाकली. उचलून म्हणजे कट-पेस्ट की कॉपी-पेस्ट? हा प्रश्न बावळट वाटेल पण सगळी गोम त्यातच आहे.

एनटीएफएसमध्ये (विंडोजची ड्राइव्हवर फाइल्स ठेवायची पद्धत) एकाच ड्राइव्हवर फाइल मूव्ह केली की ती आपली जुनी परमिशन्स सोबत घेऊन जाते. कॉपी केली तर मात्र नवीन फाइल तयार होते आणि तिला नव्या फोल्डरची परमिशन्स लागतात. डाउनलोड्स हा दादाचा खासगी फोल्डर, तिथल्या फाइलवर हक्क तिघांना, सिस्टम, ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि दादा. ती फाइल मूव्ह होऊन प्लगिन्सच्या फोल्डरमध्ये आली तरी हक्क तेच तिघांचे. तुमच्या अकाउंटला फोल्डरची यादी बघता येते म्हणून फाइलचं नाव दिसतं, पण रीपर ती उघडायला गेलं की ॲक्सेस डिनाइड. आणि रीपर बिचारं त्याबद्दल मोठ्याने काही बोलत नाही, स्कॅनमध्ये नापास झालं म्हणून पुढे जातं.

तपासणी सोपी. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी टॅब. तिथे युझर्स हे नाव नसेल, किंवा प्रॉपर्टीज बघायलाच परवानगी नाही असं आलं, तर हेच आहे. शेजारच्या एखाद्या चालणाऱ्या प्लगिनची टॅब उघडून शेजारी शेजारी बघा म्हणजे फरक लगेच कळेल.

उपाय दोन. दादांनी फाइल डाउनलोड्समध्ये परत नेऊन यावेळी कॉपी करावी, किंवा ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयकॅक्ल्स ही कमांड, मग अवतरणात फाइलचा पूर्ण पत्ता आणि शेवटी तिरकी रेघ देऊन रीसेट. याने फाइलची स्वतःची परमिशन्स जाऊन फोल्डरची लागतात. फक्त त्या एका फाइलवर चालवा, उत्साहाच्या भरात अख्ख्या प्रोग्राम फाइल्सवर चालवू नका.

आणि अजून एक, तिथेच जनरल टॅबवर खाली अनब्लॉक असा चौकोन दिसला तर त्यावर टिक करा. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज खूण ठेवतं, आणि झिप एक्सप्लोररनेच उघडली असेल तर आतल्या फाइल्सवरही ती खूण येते.

धडाकेबाज_७७

माझं तर फुल कंट्रोल देऊन चालायचं पण बरोबर, इथे फाइललाच हक्क नव्हते म्हणजे फोल्डरला देऊनही उपयोग झाला असता की नाही कुणास ठाऊक. जुनाजाणता, मग जुन्या विंडोजवर असं का नाही व्हायचं? एक्सपीवर मी वाट्टेल ते कुठेही टाकायचो.

जुनाजाणता

कारण एक्सपीवर घरोघरी सगळेच ॲडमिन होते. व्हिस्टापासून यूएसी (ॲडमिनच्या कामाआधी परवानगी विचारणारी ती खिडकी) आलं आणि ही सगळी नाटकं तिथून सुरू झाली. त्यातलं एक अजूनही लोकांना चकवतं ते म्हणजे व्हर्च्युअल स्टोअर. जुना ३२ बिट प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला गेला की विंडोज त्याला नाही म्हणत नाही, गुपचूप ती फाइल युझरच्या ॲपडेटा > लोकल > व्हर्च्युअल स्टोअर मध्ये ठेवतं आणि प्रोग्रामला वाटतं आपण बरोबर जागी लिहिलं. मग एका अकाउंटमध्ये सेव्ह केलेले प्रीसेट दुसऱ्यात दिसत नाहीत, आणि एक्सप्लोररमध्ये मूळ फोल्डर उघडला तर तिथे काहीच नाही, माणूस वेडा होतो. ६४ बिट प्रोग्रामला ही सवलत नाही, त्याला सरळ नकार मिळतो. मला विचाराल तर सरळ नकार बरा, निदान कळतं तरी.

मॅकवाली

मी मॅकवर आहे पण हा धागा वाचून माझीच गोष्ट वाटली. तिकडे दोन लायब्ररी असतात, एक ड्राइव्हच्या मुळाशी सगळ्यांसाठी आणि एक प्रत्येक युझरच्या होममध्ये, आणि दोन्हीत आत ऑडिओ > प्लग-इन्स असंच फोल्डर, त्यात व्हीएसटी३ आणि ऑडिओ युनिटसाठी कंपोनंट्स. होममधली लायब्ररी लपवलेली असते, फाइंडरच्या गो मेनूत ऑप्शन की दाबून धरली तरच दिसते. त्यामुळे लोक प्लगिन एकात टाकतात आणि शोधतात दुसऱ्यात. दोन अकाउंट असतील तर मुळाशी असलेल्या लायब्ररीतच टाकायचं, पासवर्ड मागेल, देऊन टाकायचा.

विंडोजवरही व्हीएसटी३ साठी अशी युझरची वेगळी जागा असते का?

रात्रपाळी

असते. युझरच्या ॲपडेटा > लोकल > प्रोग्राम्स > कॉमन > व्हीएसटी३. व्हीएसटी बनवणाऱ्या स्टाइनबर्गच्या स्पेसिफिकेशनमध्येच ती दिलेली आहे, पण फार कमी इन्स्टॉलर तिचा वापर करतात, आणि मला ते पटत नाही, कारण एका माणसाच्या मशीनवर ॲडमिनचा पासवर्ड न लागता प्लगिन टाकायला ती झकास जागा आहे. होस्ट सॉफ्टवेअर (ज्यात प्लगिन चालतं ते, रीपरसारखं) ती तपासतं का ते मात्र आधी बघावं, नसेल तर स्कॅनच्या यादीत हाताने घालता येते. व्हीएसटी२ ला मात्र अशी एक ठरलेली जागा कधी नव्हतीच, प्रत्येक कंपनीचं फोल्डर वेगळं, म्हणून जुन्या डीएलएल शोधताना एवढी वणवण होते.

चित्रविचित्र

मध्येच घुसतोय, माफ करा. माझं जिंपचं (चित्रं एडिट करायचं सॉफ्टवेअर) असंच आहे, लिनक्सवर. २.१० मध्ये एक पायथनचं प्लगिन चालायचं, ३.० टाकल्यावर तीच फाइल ३.० च्या प्लग-इन्स फोल्डरमध्ये ठेवली तर मेनूत येतच नाही. एरर पण नाही. परमिशनचा प्रॉब्लेम असेल का?

जुनाजाणता

तीन गोष्टी बघा. जिंप ३ मध्ये प्रत्येक प्लगिनला स्वतःचं फोल्डर लागतं आणि फोल्डरचं नाव आतल्या मुख्य फाइलच्या नावासारखंच पाहिजे, सुटी फाइल ते बघतच नाही. दुसरं, लिनक्सवर त्या फाइलला एक्झिक्यूट परमिशन पाहिजे, म्हणजे सीएचमॉड प्लस एक्स. तिसरं म्हणजे २.१० ची पायथन प्लगिन्स पायथन २ साठी लिहिलेली असायची आणि ३.० मध्ये पायथन ३ आणि एपीआय (प्लगिनने जिंपशी बोलायची पद्धत) पण बदललेला, त्यामुळे पहिल्या दोन गोष्टी करूनही जुनी फाइल चालणार नाही, लेखकाने ३.० साठी केलेली आवृत्ती शोधावी लागेल. प्रेफरन्सेसमध्ये फोल्डर्स > प्लग-इन्स उघडलं की जिंप नक्की कुठे कुठे बघतंय ते पत्ते दिसतात. आणि टर्मिनलमधून जिंप सुरू करा, एरर तिथे छापली जाते.

चित्रविचित्र

फोल्डर नव्हतंच केलं मी. ते केलं तर आता टर्मिनलमध्ये पायथनची शिवीगाळ येतेय म्हणजे निदान वाचतंय तरी. नवी आवृत्ती शोधतो, धन्यवाद.

सुरपेटी

अपडेट देते. कॉम्प्रेसरचं जुनाजाणता म्हणाले तस्संच निघालं, सिक्युरिटी टॅबवर दादाचं नाव, सिस्टम, ॲडमिनिस्ट्रेटर्स, बास, युझर्स नाहीच. आणि हो, त्याने कट-पेस्टच केलं होतं. रीसेटची कमांड चालवली, टॅबवर युझर्स आलं, पण रीपरमध्ये तरी दिसेना! नेहमीचं री-स्कॅन करून पण नाही.

रिव्हर्बचं फोल्डर दादाच्या रोमिंगमध्ये सापडलं, पब्लिकमधून माझ्याकडे आणलं, लाल पट्टी गेली, प्रीसेट आले. लायसन्सने काही कटकट केली नाही.

रात्रपाळी

रिव्हर्बचं झालं हे उत्तम. कॉम्प्रेसरला आता रीपरची आठवण आडवी येतेय. एकदा स्कॅनमध्ये नापास झालेली फाइल ते नोंदवून ठेवतं आणि फाइल बदललेली दिसत नाही तोवर परत तपासत नाही. तू परमिशन बदललंस, फाइलची तारीख आणि साइज तेच, मग त्याला काय कळणार. ऑप्शन्स > प्रेफरन्सेस > प्लग-इन्स > व्हीएसटी मध्ये जा, वर फोल्डरच्या यादीत तुझं प्लगिन्सचं फोल्डर आहे ना ते बघ, मग क्लिअर कॅश करून री-स्कॅनचा पर्याय घे, नुसतं री-स्कॅन नाही. बहुतेक होस्टमध्ये असं काहीतरी असतंच, कुठे ब्लॉकलिस्ट म्हणतात, एबलटनमध्ये आल्ट दाबून री-स्कॅन केलं की सगळं मुळापासून तपासतं.

एवढं करूनही नाही आलं तर अंदाज बांधत बसू नकोस, मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस मॉनिटर उतरवून घे, सिसइंटर्नल्सच्या पानावर फुकट मिळतं. फिल्टरमध्ये प्रोसेस नेम रीपरचं आणि रिझल्ट ॲक्सेस डिनाइड एवढं लाव आणि स्कॅन चालव. कुठल्या पत्त्यावर नकार मिळाला ते ओळीने समोर येतं. रिझल्टचा फिल्टर काढलास तर नेम नॉट फाउंडच्या शेकडो ओळी येतात त्यांना घाबरायचं नाही, प्रोग्राम चार ठिकाणी शोधून पाचव्या ठिकाणी फाइल सापडणं हे रोजचंच असतं, त्यातलं प्लगिनच्या नावाचं तेवढं बघायचं.

सुरपेटी

आलं!!! क्लिअर कॅशने आलं. प्रोसेस मॉनिटरपर्यंत जावंच लागलं नाही. खूप खूप आभार दोघांचे.

एकच शेवटचं. रिव्हर्बचं अपडेट येईल तेव्हा परत तोच इन्स्टॉलर, परत दादाचा पासवर्ड, म्हणजे नवीन प्रीसेट परत त्याच्याच फोल्डरमध्ये जाणार ना? दर वेळी पब्लिकची वारी करायची का?

रात्रपाळी

जाणार, हो. इन्स्टॉलर कंटेंटची जागा विचारत असेल तर त्या पायरीला पब्लिकमधलं किंवा प्रोग्राम डेटामधलं फोल्डर दे, डोळे झाकून नेक्स्ट नेक्स्ट करू नकोस. विचारत नसेल तर अपडेटच्या दिवशी दादाने सेटिंगमध्ये जाऊन तुझं अकाउंट तात्पुरतं ॲडमिन करायचं, तू इन्स्टॉलर चालवायचास, यस म्हणायचं, आता तो तुझ्याच नावाने चालेल आणि फाइल्स तुझ्याच ॲपडेटात जातील. झालं की परत स्टँडर्ड. दोन्ही वेळेला साइन आउट करून परत साइन इन करायला विसरू नकोस, नुसतं सेटिंग बदलून चालू सेशनला फरक पडत नाही.

जुनाजाणता

आणि कंपनीच्या सपोर्टला एक मेल टाका, इन्स्टॉलर ॲडमिन म्हणून चालतो आणि कंटेंट युझरच्या फोल्डरमध्ये टाकतो एवढंच लिहा, इन्स्टॉलर बनवणाऱ्याला तेवढ्यावरून कळेल. सगळ्यांसाठीच्या फाइल्स प्रोग्राम डेटामध्ये ठेवल्या असत्या तर हा धागाच उघडावा लागला नसता.